पाळीवर किती सिस्टर आहेत?

पत्रिकेत आजचा विषय 'परिचारिका आणि सार्वजनिक धोरण' असा छापला आहे. संध्याकाळी सहा वाजता असा विषय ऐकून डुलकी लागली तर दोष तुमचा नाही. म्हणून आम्ही तो एका प्रश्नात बसवून आणलाय. तुमचा माणूस दवाखान्यात ॲडमिट आहे, रात्रीचे दोन वाजलेत. त्या वॉर्डात त्या घटकेला किती सिस्टर हजर आहेत?

ॲडमिट करताना आपण पुष्कळ विचारतो. डॉक्टर कोण, एमआरआय आहे का, कॅशलेस होतं का हे तर पहिलं. हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं की हा आकडा सरकारने ठरवला पाहिजे, पाळीनिहाय तपासला पाहिजे, आणि रुग्णाच्या नातेवाइकाला वाचता येईल असा भिंतीवर लावला पाहिजे. परिचारिकांच्या मागण्या वर्तमानपत्रात येतात तेव्हा त्या 'कर्मचाऱ्यांच्या मागण्या' या सदरात जातात. आम्हाला त्या रुग्णाच्या बाजूने बघायच्या आहेत.

आधी थोडं गणित करू. कागद-पेन्सिल असेल तर काढा.

एक ३० खाटांचा वॉर्ड धरा. मस्टरवर १० परिचारिका आहेत. अहवालात काय लिहिलं जाईल? ३० भागिले १०, म्हणजे तीन खाटांमागे एक परिचारिका. वाचणाऱ्याला वाटेल, छान आहे की! आता हाच वॉर्ड घड्याळाप्रमाणे बघा. आठवड्याची एक सुट्टी धरली तर प्रत्येकीच्या सहा ड्युट्या, दहा जणींच्या मिळून ६०. त्यातून रजा, आजारपण, बाळंतपणाची रजा, नाइटनंतरचा ऑफ, प्रशिक्षण, असं सगळं वजा करा. दहाएक ड्युट्या त्यात सहज जातात. राहिल्या ५०. आठवड्यात पाळ्या किती? सात दिवस, रोजच्या तीन, म्हणजे २१. पन्नासला एकवीसने भागा. एका पाळीला अडीच जणीसुद्धा येत नाहीत.

शिवाय त्या समान वाटल्या जात नाहीत. सकाळी डॉक्टरांचा राउंड असतो, ड्रेसिंग असतात, ऑपरेशनला रुग्ण पाठवायचे असतात, तपासणीचे नमुने जायचे असतात. म्हणून सकाळी चार लावतात, संध्याकाळी दोन. रात्री उरते एक. कागदावरचं तीनाला एक हे प्रमाण रात्री दोन वाजता तिसाला एक झालेलं असतं. यात कोणी खोटं बोललेलं नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त रुग्ण दुसऱ्या आकड्यात झोपलेला असतो.

ती एक सिस्टर काय करते ते बघा. बीपी, नाडी, ताप, सलाईन किती उरली, लघवी किती झाली, आणि हे सगळं केसपेपरवर नोंदवणं. एका रुग्णापाशी फक्त चार मिनिटं धरली तरी तिसांना १२० मिनिटं लागतात. दोन तास! तोवर पहिल्या खाटेवरच्या रुग्णाला बघून दोन तास झालेले असतात. त्यात रात्रीची इंजेक्शनं, त्यात एखादी नवी ॲडमिशन, त्यात कोणाचा तरी श्वास लागलेला. रुग्ण बिघडतो तो बहुतेक वेळा एकदम बिघडत नाही. आधी श्वासाची गती वाढते, मग बीपी उतरायला लागतं, मग माणूस गुंगीत जातो. हे दोन-चार तासांत घडतं आणि ते टिपण्याचं काम परिचारिकेचं असतं. डॉक्टर येतात ते तिने बोलावल्यावर. तिला दिसलंच नाही तर बोलावणार कोण?

मग आपल्याकडचे वॉर्ड चालतात कसे, असं तुम्ही विचाराल. ते नातेवाइकांवर चालतात. बाटली संपली की धावत सांगायला जाणारा मुलगा, आईला कुशीवर वळवणारी सून, पॉट देणारी बहीण, आणि ज्यांच्याकडे माणूस नाही त्यांच्यासाठी हातावर शंभर-दोनशे टेकवून गाठलेल्या मावशी. हे सगळं परिचर्येचं काम आहे. ते फुकट किंवा अनौपचारिक होतं, म्हणून तुटवडा कोणाच्या हिशेबात दिसत नाही. मजुरी बुडवून खाटेशेजारी सतरंजी टाकून बसलेल्या माणसाने तो तुटवडा स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो. ज्याच्या मागे कोणीच नाही त्याचं काय होतं, ते पाठीला झालेल्या जखमा सांगतात.

जखमांवरून एक गोष्ट सांगायला हवी. अरुणा शानबाग यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना त्यांच्यावर रुग्णालयातल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हे प्रकरण इच्छामरणाच्या अंगाने आलं तेव्हा न्यायालयाने आवर्जून नोंद घेतली की इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झालेला नाही. ज्यांनी घरी अंथरुणावरचं माणूस सांभाळलंय त्यांना याचा अर्थ कळेल. दर दोन तासांनी कूस बदलणं, अंग पुसणं, त्वचा बघणं, रोज, पिढ्यान्‌पिढ्या बदलत्या परिचारिकांनी. ही परिचर्या. आणि त्याच घटनेची दुसरी बाजू अशी की काम करणाऱ्या बाईला कपडे बदलायला सुरक्षित खोली असणं हासुद्धा धोरणाचाच विषय असतो. लोक पहिली बाजू आठवतात, दुसरी विसरतात.

आता कोणी म्हणेल, तुम्ही भावनेवर बोलताय. तर आकड्यांकडे येऊ. २००२ साली लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्ण तपासले. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण जास्त आला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत असाच अभ्यास झाला, तिथेही आकडा ७ टक्क्यांच्या आसपास आला.

यावर एक रास्त शंका निघते. जिथे परिचारिका जास्त, तिथे पैसा जास्त, यंत्रं चांगली, डॉक्टर चांगले. मग श्रेय परिचारिकांना कसं द्यायचं? याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात मिळालं. तिथे २०१६ पासून २७ सरकारी रुग्णालयांत प्रमाण बंधनकारक झालं: दिवसा चार रुग्णांमागे एक, रात्री सातांमागे एक. उरलेल्या रुग्णालयांशी आधीची आणि नंतरची तुलना केली. मृत्यू कमी झाले, रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, पुन्हा भरती व्हावं लागणारे कमी झाले. नव्या परिचारिकांवर जो खर्च झाला, त्याच्या दुपटीहून अधिक खर्च वाचला. हे २०२१ साली प्रसिद्ध झालंय. 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांना आम्ही हा एक मुद्दा नेहमी सांगतो.

कायद्याने प्रमाण ठरवण्याची कल्पना काही नवी नाही. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला, २००४ मध्ये तो अमलात आला. तिथे सर्वसाधारण वॉर्डात आज पाचांमागे एक आणि अतिदक्षता विभागात दोघांमागे एक परिचारिका लागते. कायदा सांगतो, आणि तो दिवसातल्या प्रत्येक क्षणाला लागू आहे. महत्त्वाचा शब्द 'प्रत्येक क्षणाला' हा आहे. सरासरी चालत नाही.

आपल्याकडे काय आहे? इथे थोडं मागे जावं लागेल.

भोर समितीचा अहवाल १९४६ चा. त्या समितीने देशात परिचारिका मोजल्या तेव्हा त्या भरल्या सुमारे ७ हजार. साधारण ४३ हजार लोकांमागे एक. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक होता. म्हणजे सुरुवातीपासून आपल्याकडे डॉक्टरांपेक्षा परिचारिका कमी होत्या, आणि कोणालाही विचित्र वाटलं नाही. समितीने पुढच्या पंचवीस वर्षांत ५०० लोकांमागे एक परिचारिका असावी असं सुचवलं.

मग १९४९ साली मुंबई इलाख्यात शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा झाला. आज खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्रात याच कायद्याखाली होते. नाव बघा: शुश्रूषागृह. शुश्रूषा होते ते घर. पाटीवर डॉक्टरचं नाव, पदव्या आणि फोटो, पण कायद्याच्या लेखी त्या जागेची ओळख शुश्रूषेवरून आहे. नोंदणी कोणत्या कारणांनी नाकारता येईल याची यादी त्या कायद्यात आहे, आणि त्यातलं एक कारण असं की रुग्णांची देखभाल करणाऱ्यांमध्ये अर्हताप्राप्त परिचारिकांचं योग्य प्रमाण नाही. १९४९ साली! हे वाचलं तेव्हा आम्हाला त्या मसुदा लिहिणाऱ्याला नमस्कार करावासा वाटला. पण 'योग्य प्रमाण' म्हणजे किती, ते त्या कलमात लिहिलं नाही.

आणि 'अर्हताप्राप्त' हा शब्दही आपण गिळून टाकला. तालुक्याच्या ठिकाणी छोट्या दवाखान्यांत बघा. बारावी झालेली, आसपासच्या गावातली मुलगी, अंगात ड्रेस, हातात ट्रे. सुई टोचायला ती तिथेच शिकली. सगळे तिला सिस्टरच म्हणतात. ती एएनएम नाही, जीएनएम नाही, परिषदेत तिची नोंदणी नाही. ती कष्टाळू आहे, हुशारही असेल. पण रुग्णाला कोणी सांगितलेलं नसतं, आणि काही बिघडलं की दोष सगळ्यात आधी तिच्यावर येतो. अशा मुलींना एका परिपत्रकाने घरी बसवावं असं आम्ही म्हणत नाही. काम सांभाळून शिकता येईल असा रस्ता त्यांना द्या, फी सरकारने भरावी, ठरावीक वर्षांत नोंदणी व्हावी. तोवर मोजताना मात्र त्यांना परिचारिका म्हणून मोजू नका.

भारतीय परिचर्या परिषदेचं मानक आहे: शैक्षणिक रुग्णालयात तिघांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक, आणि रजेसाठी वर ३० टक्के. पाचांमागे एक हे आपल्या ३० खाटांच्या वॉर्डाला प्रत्येक पाळीत लावून बघा. पाळीला सहा जणी, आठवड्याला १२६ ड्युट्या. एकीच्या प्रत्यक्षात पाच ड्युट्या पडतात हे आपण मघाशी काढलं. म्हणजे मस्टरवर पंचवीस जणी हव्यात. होत्या दहा. मानकाचं वजन एवढंच की ते पाळलं नाही म्हणून वॉर्डातली एकही खाट बंद होत नाही.

पगाराचं आता पटकन सांगतो, कारण आकडा आणि पगार एकमेकांना बांधलेले आहेत. पगार कमी असला की मुली टिकत नाहीत, आणि टिकत नाहीत तोवर प्रमाण भरत नाही. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या स्थितीबद्दल केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने खाटांप्रमाणे पायऱ्या केल्या. २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार. १०० ते २०० असतील तर फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० च्या आत असतील तरी महिना २० हजारांपेक्षा कमी नाही. रजा, कामाचे तास, वाहतूक, राहण्याची सोय यांबद्दलही शिफारशी होत्या. केंद्राने हे सगळं राज्यांकडे पाठवलं.

केरळमध्ये त्याचं काय झालं बघा. तिथल्या परिचारिका २०११ पासून संघटित होत होत्या. संप झाले, २०१७ मध्ये मोठा लढा झाला, आणि एप्रिल २०१८ मध्ये राज्य सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांत २० हजार हे किमान मूळ वेतन ठरवलं. व्यवस्थापनं न्यायालयातही गेली. पण शिफारस आणि अधिसूचना यांतला फरक तिथे दिसतो. रुग्णालयं हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत टाकलाय, त्यामुळे 'दिल्लीने ठरवावं' असं म्हणून मुंबईला सुटता येत नाही. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी. चांगलं झालं. पण तो शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचरण यांच्यासाठी आहे. तुमच्या वॉर्डात रात्री किती जणी असाव्यात हे तो सांगत नाही.

आपल्या राज्यात सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका मे २०२२ मध्ये संपावर गेल्या होत्या. मुख्य मुद्दा होता पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदारामार्फत भरण्याला विरोध. पुष्कळांना वाटलं, हा नोकरीच्या कायमपणाचा वाद. आम्हाला त्यात रुग्णाचा वाद दिसतो. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आलेली अधिपरिचारिका तक्रार कशी करेल? 'आज रात्री आम्ही कमी आहोत, नवा रुग्ण घेऊ नका' हे वाक्य बोलायला नोकरीची खात्री लागते. परिसेविका ते बोलू शकते, कारण तिला पेन्शन आहे.

दरवर्षी १२ मे आला की परिचारिका दिन होतो, गुलाब देतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावतात. ती बाई आकडेवारीत मुरलेली होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मरतात हे तिने तक्ते काढून सरकारपुढे मांडलं. आपण तिचा दिवा तेवढा घेतला, तक्ते ठेवून दिले. 'सेवा' हा शब्द आपल्याकडे मोठा आहे, पण कुणाच्या कामाला सेवा म्हटलं की त्याचे तास मोजणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. ही सवय रुग्णाला महाग पडते.

मग मागायचं काय? आम्ही तीन गोष्टी धरून बसलोय, पण खरा जोर पहिल्या गोष्टीवर.

२०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं आलं. त्याच भिंतीवर आणखी एक फळा हवा. वॉर्डाचं नाव, आजची तारीख, पाळी, रुग्ण किती, नोंदणीकृत परिचारिका किती हव्यात, किती हजर आहेत. खडूने लिहिला तरी चालेल. इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातल्या हलगर्जीची चौकशी झाली, २०१३ मध्ये अहवाल आला, आणि त्यानंतर तिथल्या सरकारी रुग्णालयांना वॉर्डात असे फलक लावायला आणि आकडे प्रसिद्ध करायला सांगितलं गेलं. एक पैसा न खर्चता होणारी ही गोष्ट आहे. फळा बोलायला लागला की वरच्या बैठकीत 'तुटवडा' हा शब्द हवेतला राहत नाही.

दुसरं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय घेताना आणि ठेवताना पाळीनिहाय संख्या ही अट करा. सरकार तिथे पैसे देणारं गिऱ्हाईक आहे, त्याला अट घालता येते. तिसरं म्हणजे २०१६ च्या त्या पायऱ्यांची अधिसूचना. छोट्या दवाखान्यांच्या डॉक्टरांची अडचण आम्ही हसण्यावारी नेत नाही. दहा खाटांच्या दवाखान्याला शहरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयाचा पगार झेपणार नाही. पण त्या पायऱ्या याचसाठी केल्या आहेत. आणि बिलात 'नर्सिंग चार्जेस' ही ओळ तर आजही असते, दिवसागणिक लावलेली. त्या ओळीतला किती पैसा सिस्टरच्या पगारापर्यंत पोचतो, एवढं विचारायचा हक्क बिल भरणाऱ्याला असावा.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली चिठ्ठी: 'तुम्ही सारखं सिस्टर म्हणता, ब्रदर विसरलात.' बरोबर आहे. पुरुष परिचारक आहेत, संख्येने कमी आहेत. फळ्यावर ते अर्थातच मोजले जातील.

दुसरी: 'प्रमाण बंधनकारक केलं तर छोटी रुग्णालयं खाटा कमी करतील, मग गरिबाने जायचं कुठे?' हा प्रश्न खरा आहे. म्हणून अंमलबजावणी टप्प्यांनी हवी, आणि सुरुवात सरकारी रुग्णालयांपासून. स्वतःच्या वॉर्डात रिक्त पदं ठेवून खासगीला नोटिसा पाठवणाऱ्या सरकारचं कोणी ऐकत नाही. रात्रपाळी आणि अतिदक्षता विभाग आधी घ्या, सर्वसाधारण वॉर्ड नंतर.

तिसरी चिठ्ठी एका ताईंची आहे: 'आम्ही चार-पाच बायका आहोत, आमच्या जिल्हा रुग्णालयापुरतं काय करता येईल?' ताई, माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीन गोष्टी मागा: परिचारिकांची मंजूर पदं, त्यातली भरलेली पदं, आणि मागच्या महिन्यात प्रत्येक वॉर्डात प्रत्येक पाळीला हजर असलेल्यांची संख्या. तिसरी गोष्ट द्यायला खळखळ करतील, तिथे चिकाटी ठेवा. उत्तर हातात आलं की आमदारांकडे जा, अधिवेशनाच्या आधी, म्हणजे तारांकित प्रश्नात घालता येईल. आणि अर्जात सिस्टरांची नावं मागू नका, फक्त संख्या मागा. नावं मागितली की अर्ज खासगी माहितीच्या कारणाने अडतो. शिवाय त्या रात्री एकट्या असलेल्या बाईलाच कोणीतरी जाब विचारायला जाईल.